जागेचा वाद आणि ग्रामसभा: कोणता प्रश्न कोठे मांडावा, ठराव कसा करून घ्यावा

गावात जागेवरून दोन घरांत बिनसले की पारावरचा सल्ला ठरलेला असतो: "पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या." हा सल्ला निम्मा बरोबर आहे. ग्रामसभेला गावच्या रस्त्यांविषयी, बोळांविषयी, मोकळ्या सार्वजनिक जागांविषयी आणि ग्रामपंचायतीच्या कारभाराविषयी बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु एखादी बखळ जागा अमक्याची की तमक्याची, हे हात वर करून ठरवण्याचा अधिकार तिला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. मालकीहक्काचा निर्णय दिवाणी न्यायालयच देऊ शकते. त्यामुळे "सदर जागा अमुक यांच्या मालकीची आहे" असा ठराव एकमताने झाला, त्यावर दोनशे सह्या पडल्या, तरी न्यायालयात तो मालकीचा पुरावा ठरत नाही. याउलट, "अमुक बोळ सार्वजनिक असून त्यातील बांधकामाची पाहणी करून कार्यवाही करावी" असा चार ओळींचा नेमका ठराव ग्रामपंचायतीला पुढे उत्तर द्यायला भाग पाडतो. लोक बहुधा पहिला ठराव मागायला जातात आणि दुसरा मागायचा राहून जातो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहणाऱ्यांना हे काम रीतसर कसे करावे, याची माहिती पुढे दिली आहे. अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या गावांत ग्रामसभेचे अधिकार अधिक व्यापक आहेत आणि तेथील नियम वेगळे आहेत. ते या लेखात घेतलेले नाहीत.

आधी वाद कशाचा आहे ते ठरवा

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दोन घरांच्या मध्ये बोळ आहे. पूर्वेकडच्या शेजाऱ्याने ओटा वाढवला, त्यावर पत्रा टाकला आणि पागोळीचे पाणी आता पश्चिमेकडच्या भिंतीवर पडते. तक्रार एकच दिसत असली, तरी तिचे उत्तर तो बोळ कोणाचा यावर अवलंबून आहे. बोळ सार्वजनिक असेल तर हा अतिक्रमणाचा प्रश्न झाला आणि तो ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत आला. बोळ दोन्ही घरांचा सामाईक असेल तर तो दोन खासगी व्यक्तींमधील वाद झाला; त्यात ग्रामपंचायत फार तर मध्यस्थी करू शकते. बोळ पूर्ण तुमचाच असेल, किंवा शेजारी तसे म्हणत असेल, तर प्रश्न मालकीचा व हद्दीचा आहे, आणि तो मोजणी व न्यायालय यांच्या वाटेने जातो.

हे ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे जुने नोंदणीकृत खरेदीखत किंवा वाटणीपत्र, आणि त्यातही चतुःसीमेचा परिच्छेद. "पश्चिमेस सरकारी बोळ", "पश्चिमेस सामाईक बोळ" आणि "पश्चिमेस अमुक यांचे घर" या तीन लेखनांतून तीन वेगळे अर्थ निघतात. शक्य असेल तर शेजाऱ्याच्या खताची चतुःसीमाही पाहावी. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून शुल्क भरून मिळते. दोन्ही खतांत बोळाचा उल्लेख सारखा असेल तर निम्मे भांडण तेथेच संपते, निदान संपायला हवे.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज असलेला कागद आहे. तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे दोन वेगळे उतारे आहेत. पहिला खातेदाराच्या जमिनीच्या खात्याचा असतो, दुसरा घर-जागेच्या कर आकारणीचा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाचा आणि भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा असे स्वतंत्र रकाने असतात. घरपट्टी भरणाऱ्याचे नाव भोगवट्याच्या रकान्यात वर्षानुवर्षे असते आणि एखाद्या आकारणीच्या वेळी ते अलगद मालकाच्या रकान्यात सरकते, असे प्रकार गावोगावी ऐकायला मिळतात. म्हणून चालू उताऱ्यावर समाधान मानू नये; मागील दोन-तीन फेरआकारण्यांचे उतारेही मागावेत आणि नाव कोणत्या रकान्यात, कोणत्या वर्षी व कोणत्या ठरावाने आले ते तपासावे. अर्थात नमुना ८ वर मालक म्हणून नाव असले तरी ती नोंद कर वसुलीसाठी असते. न्यायालयांनी ही भूमिका वारंवार घेतलेली आहे.

गावठाणाची मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सनद हे कागद अधिक वजनदार ठरतात. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली; ड्रोनने गावठाण मोजण्याचा महाराष्ट्रातील प्रायोगिक प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला होता. या मोजणीत आधी ग्रामसभा घेऊन माहिती दिली जाते, नंतर प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारल्या जातात, ड्रोन उडवला जातो, आणि त्यावरून तयार झालेल्या नकाशावर चौकशी अधिकारी हक्काची चौकशी करतो. चुना मारण्याच्या दिवशी जागेवर हजर राहणे किती महत्त्वाचे आहे, हे लोकांना पत्रिका हातात पडल्यावर कळते. तुमच्या गावात ही मोजणी अजून व्हायची असेल तर त्या दिवशी घरातील जाणता माणूस तेथे असलाच पाहिजे, आणि रेषा मान्य नसेल तर चौकशीच्या वेळी लेखी हरकत दिलीच पाहिजे.

ग्रामसभेपुढे विषय कसा न्यावा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेप्रमाणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. नियमित ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. ती सूचना फलकावर लागते, दवंडी दिली जाते, आणि हल्ली गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येते. मात्र कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची ती फलकावरची व दवंडीची. सूचना लागली त्या दिवशी फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. सभा नियमाप्रमाणे बोलावलीच नव्हती, असा वाद पुढे निघाला तर तो फोटो दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो.

गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. हे लक्षात ठेवण्याचे कारण असे की अनेक वादग्रस्त ठराव अशाच तहकूब सभेत, वीस-पंचवीस लोकांत, मंजूर झालेले असतात. मूळ सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली म्हणून घरी परतलेल्यांनी तहकूब सभेची तारीख विचारून घ्यावी. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभासदांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. पाण्याचा निचरा, सार्वजनिक शौचालयाची वाट, विहिरीकडे जाणारा बोळ अशा विषयांची खरी माहिती त्याच सभेत निघते, आणि तेथे नोंदवला गेलेला विषय मुख्य सभेत दडपणे अवघड होते.

सभासदत्वाबाबत एक मुद्दा स्पष्ट हवा. गावच्या मतदारयादीत नाव असलेली व्यक्तीच ग्रामसभेची सभासद असते. मुंबईला किंवा पुण्याला स्थायिक होऊन तेथील यादीत नाव नोंदवलेल्या चाकरमान्याचे गावात घर असले, त्याची घरपट्टी नियमित भरली जात असली, तरी त्याला ग्रामसभेत मतदानाचा अधिकार नाही. त्याने मिळकतधारक म्हणून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा आणि गावातील एखाद्या मतदाराकरवी विषय मांडावा. सभेत उभे राहून वाद घालण्यापेक्षा हा मार्ग अधिक फळतो.

विषय मांडण्याचा अर्ज सूचना निघण्याच्या पुरेशा आधी, सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे द्यावा. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम शासनाने २०२४ मध्ये केले असले तरी गावात अजून "ग्रामसेवक" किंवा "भाऊसाहेब" हेच चालते. अर्जावर मात्र पदनाम नीट लिहावे. अर्ज दोन प्रतींत असावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. "आवकला नंतर टाकतो" हे उत्तर मिळाले तर अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. अर्जाचा मजकूर असा साधा असावा:

"मौजे … येथील ग्रामपंचायत मिळकत क्र. … व … यांच्या दरम्यानचा उत्तर-दक्षिण बोळ सार्वजनिक वापराचा आहे. सदर बोळात दि. … पासून ओट्याचे व पत्र्याच्या छपराचे बांधकाम झाले असून जाण्या-येण्यास व सांडपाण्याच्या निचऱ्यास अडथळा होत आहे. सोबत माझ्या खरेदीखताची छायाप्रत, नमुना ८ चा उतारा व जागेची छायाचित्रे जोडली आहेत. हा विषय दि. … च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती."

या अर्जात शेजाऱ्याच्या स्वभावाविषयी, जुन्या भांडणाविषयी किंवा राजकारणाविषयी एक शब्द नाही, हे मुद्दाम पाहावे. असे शब्द अर्जात शिरले की विषय जागेवरून माणसांवर घसरतो आणि कार्यालयाला "वैयक्तिक वाद" असा शेरा मारून हात झटकायला जागा मिळते.

विषय पत्रिकेवर आला नाही तर तो "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" या शेवटच्या मथळ्याखाली मांडता येतो. पण मालमत्तेशी संबंधित विषय ऐनवेळी घेणे टाळलेलेच बरे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला पूर्वसूचना मिळालेली नसते, आणि पुढे तो ठराव याच एका कारणावरून कच्चा ठरतो. तुम्ही तक्रारदार असाल तर पत्रिकेवरच्या विषयासाठी थांबा. तुमच्याविरुद्ध ऐनवेळी विषय निघाला तर "मला याची सूचना नव्हती, माझी हरकत नोंदवावी" एवढेच म्हणा आणि ते इतिवृत्तात आले की नाही ते पाहा.

ठरावाचे शब्द आणि प्रोसिडिंग बुक

सभेत तासभर आवाज चढला आणि शेवटी इतिवृत्तात "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली" एवढीच ओळ आली, तर हाती काहीच लागलेले नसते. ठराव म्हणजे कोणी, काय, किती दिवसांत करायचे याची आज्ञा. म्हणून ठरावाचा मसुदा घरूनच लिहून न्यावा आणि सूचक व अनुमोदक आधीच ठरवून ठेवावेत. बोळाच्या उदाहरणात तो असा होईल:

"सदर बोळ सार्वजनिक वापराचा असून त्यात बांधकाम झाल्याची तक्रार दि. … रोजी प्राप्त झाली आहे. ग्रामपंचायतीने दोन्ही मिळकतधारकांना लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांत जागेची पाहणी, मोजमाप व पंचनामा करावा. बांधकाम सार्वजनिक जागेत असल्याचे आढळल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे कार्यवाही करावी. आणि कार्यवाहीचा अहवाल पुढील ग्रामसभेपुढे ठेवावा. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते / बहुमताने मंजूर."

यात शेजाऱ्याने अतिक्रमण केले आहे असे कोठेही गृहीत धरलेले नाही. आधी सूचना, मग पाहणी, मग कार्यवाही, हा क्रम ठरावातच लिहिलेला असल्यामुळे पुढे "मला म्हणणे मांडू दिले नाही" हा आक्षेप टिकत नाही. "अतिक्रमण तात्काळ पाडावे" असा जोशपूर्ण ठराव टाळ्या मिळवतो, पण पहिल्याच सुनावणीत अडकतो.

आता प्रोसिडिंग बुकाकडे, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीकडे, पाहू, कारण खरी गफलत तेथे होते. पुष्कळ ठिकाणी सभेत फक्त हजेरीच्या वहीवर सह्या व अंगठे घेतले जातात आणि इतिवृत्त नंतर, दोन-चार दिवसांनी, कार्यालयात बसून लिहिले जाते. हजेरीची सही ठरावाला संमती म्हणून दाखवली जाते, आणि ठरावाच्या शेवटी सोडलेल्या तीन-चार कोऱ्या ओळींत नंतर एखादे वाक्य येऊन बसते. यावर उपाय साधा आहे. आपला विषय संपताच ठराव वहीत लिहून तो मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करावी. ठरावाखालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारून घ्यावी. आणि विरोध असणाऱ्यांनी नावासह विरोध नोंदवून घ्यावा. आपल्या मोबाइलवर तेवढ्या भागाचे चित्रीकरण करून ठेवण्यास हरकत नसावी. बऱ्याच ग्रामपंचायती स्वतःही सभेचे चित्रीकरण करतात.

सभेनंतर आठवडाभरात ठरावाच्या साक्षांकित प्रतीसाठी अर्ज करावा. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून इतिवृत्ताची, हजेरीची आणि सूचनेची प्रत मागावी. माहिती ३० दिवसांत द्यायची असते, आणि ती न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. अर्जात "का" विचारू नये, "दि. … च्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, हजेरी नोंदवहीची व सभेच्या सूचनेची प्रमाणित प्रत" असे कागदाचे नाव घेऊनच मागावे.

मासिक सभा: लोक जेथे लक्ष देत नाहीत

घर-जागेचे बहुतेक प्रत्यक्ष निर्णय ग्रामसभेत न होता सदस्यांच्या मासिक सभेत होतात. नमुना ८ ला नाव लावणे किंवा कमी करणे, वारसनोंद, ना हरकत दाखला, कलम ५२ खालील बांधकाम परवानगीचा विषय, हे सर्व तेथे निघते. म्हणून शेजाऱ्याने नाव लावण्याचा अर्ज दिला आहे असे कळताच मासिक सभेपूर्वी लेखी हरकत देणे अत्यावश्यक आहे. हरकतीत तीन गोष्टी पुरतात: तुमचा त्या मिळकतीशी संबंध काय, अर्जदाराकडे नोंदणीकृत दस्त किंवा वारसाचा पुरावा आहे का अशी विचारणा, आणि तुम्हाला सुनावणी देईपर्यंत नोंद न धरण्याची विनंती. केवळ साध्या कागदावरील संमतीवरून किंवा स्टॅम्प पेपरवरील नोटरी केलेल्या व्यवहारावरून नाव लावले जात असेल तर तेही लिहावे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही.

नोंद झालीच तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. वाद घरपट्टीच्या आकारणीचा असेल, म्हणजे बांधकामाचे क्षेत्र, प्रकार किंवा कराची रक्कम चुकली असेल, तर त्यासाठी पंचायत समितीकडे अपील आणि पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दुसरे अपील असा वेगळा मार्ग कलम १२४ मध्ये आहे. हे दोन विषय एका अर्जात मिसळू नयेत. कराच्या अपिलात मालकीचा मुद्दा काढला की कराचाही निकाल लांबतो.

ठराव झाला, पण ग्रामपंचायत हलत नाही

सार्वजनिक रस्ता किंवा मोकळ्या जागेवरील अडथळा व अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला कलम ५३ ने दिलेला आहे. तिने कार्यवाही केली नाही तर त्याच कलमाच्या पोटकलम (२-अ) प्रमाणे जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कोणाच्याही अर्जावरून ती करू शकतात. म्हणून ठरावाची प्रत, पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत आणि दोन स्मरणपत्रांच्या पोचपावत्या जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा व एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी. ग्रामसभेच्या ठरावाचे खरे मोल या टप्प्यावर दिसते. ठरावाशिवाय गेलेला अर्ज "अहवाल सादर करावा" असा शेरा घेऊन ग्रामपंचायतीकडेच परत येतो. ठरावासह गेलेल्या अर्जात ग्रामपंचायतीचे काय करायचे राहिले आहे ते कागदावरच दिसत असते.

जागा गायरानाची किंवा अन्य सरकारी असेल तर महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदारांकडे, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० खाली अर्ज करावा लागतो. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका प्रकरणात सर्व राज्यांना निर्देश दिले, आणि त्यानुसार महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करावा.

अतिक्रमण करणारा स्वतः ग्रामपंचायत सदस्य असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे तो सदस्यत्वासाठी अनर्ह ठरू शकतो, आणि त्याचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी देतात. कुटुंबीयांनी केलेल्या आणि सदस्य स्वतः वापरत असलेल्या अतिक्रमणाबाबतही ही अनर्हता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. तरीही हे हत्यार बोळ मोकळा करण्यासाठी उचलू नये, असे माझे मत आहे. प्रकरण एकदा पदाचे झाले की दोन गट पडतात, सुनावण्यांवर सुनावण्या होतात आणि ओटा जागच्या जागी राहतो. सदस्याने सरकारी जागा बळकावल्याचा निर्विवाद पुरावा असेल आणि हेतू तोच असेल, तरच त्या वाटेला जावे.

हद्द, वाट आणि मालकी: ग्रामपंचायतीबाहेरची कामे

हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येऊन खुणा दाखवतो आणि नंतर मोजणी नकाशाची "क" प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी शेजारी गैरहजर राहिला तरी मोजणी थांबत नाही. मात्र त्याला नोटीस मिळाल्याची खात्री करून घ्यावी. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे तपासणीची फेरमोजणी, मागता येते. दुसऱ्या मोजणीपर्यंत खुणांचे दगड हलवू नयेत आणि रागाच्या भरात कुंपणही घालू नये.

शेतीच्या वाटेचे दोन प्रकार लोक एकच समजतात. पूर्वापार चालू असलेली वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, परंतु अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल आणि बांधावरून नवीन हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ लागते. पहिल्या प्रकारात अडवल्याची तारीख हाच जीव की प्राण असल्याने, ग्रामसभेच्या तारखेची वाट पाहत हे सहा महिने घालवू नयेत. या वादाला ग्रामसभेच्या ठरावाची मुळीच गरज नाही.

सातबारावरील फेरफाराला, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीला, हरकत घ्यायची असेल तर तलाठी कार्यालयाची, आताच्या नावाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्यावी. मग ती नोंद तक्रार केसच्या नोंदवहीत जाते व सुनावणी होते. निर्णय विरुद्ध गेला तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ प्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते.

जबरदस्तीने ताबा गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करून, मालकीच्या वादात न शिरता, ताबा परत मागता येतो. मारामारीची वेळ आली असेल तर पोलिसांना जरूर कळवावे, पण ताबा कोणाचा हे ठाणे अंमलदाराने ठरवावे अशी अपेक्षा ठेवू नये. शांततेचा भंग होण्याचा संभव असलेल्या जमिनीच्या वादात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी ताब्यापुरता आदेश देऊ शकतात. दावा ग्रामपंचायतीविरुद्धच लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस देण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. वकिलाला ती पहिल्याच भेटीत विचारावी.

तडजोड करायची असेल तर

१५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगावी समित्या उभ्या राहिल्या. दिवाणी व महसुली तंटे सामोपचाराने मिटवणे हे त्यांच्या कामातच येते, आणि सामाईक बोळाच्या वादासाठी ही समिती ग्रामसभेपेक्षा कितीतरी बरी, कारण तेथे शंभर माणसांसमोर माघार घ्यावी लागत नाही. फक्त कागद नीट करावा. तडजोडनाम्यात बोळाची लांबी-रुंदी फूट व इंचांत, ओटा किती मागे घ्यायचा, पागोळीचे पाणी कोणत्या बाजूला काढायचे, खर्च कोणाचा आणि काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायचे, हे सर्व हाताने काढलेल्या नकाशासह लिहावे आणि दोन्ही घरांतील सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. एका भावाने केलेली तडजोड दुसऱ्या भावाला, आणि विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींना, बांधील नसते; हे विसरल्यामुळे अनेक मिटलेले वाद दहा वर्षांनी पुन्हा उघडतात. तडजोडीत जागेची अदलाबदल किंवा हक्कसोड होत असेल तर तो दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय हक्क बदलत नाही. आधीच दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत ठेवावी. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिलांना तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना खरेदीखत, नमुना ८ चे जुने-नवे उतारे, मिळकत पत्रिका असल्यास ती, ठरावाची साक्षांकित प्रत आणि आवक क्रमांक असलेले सर्व अर्ज तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत.